भामाबाईंचं काम झालं का?

आमच्या कंपनीतल्या मोठ्या माणसांची आयुष्यं मी लिहिते. जाडजूड चरित्रं नव्हेत, वेबसाइटवर फोटोखाली जो मजकूर असतो ना, तो. काळा शर्ट, हाताची घडी, नजर कुठंतरी लांब आणि खाली माझा एक परिच्छेद. कंपनी वास्तुशिल्पकारांची आहे, बऱ्याच देशांत कचेऱ्या आहेत, नावात तीन आडनावं आहेत आणि त्यांतले दोघं वारलेत. मी साताऱ्याला शाहूपुरीत घरी बसून काम करते. लंडनशी मीटिंग चालू असताना खिडकीखालून भंगारवाला ओरडत जातो आणि पडद्यावरचे सगळे साहेब क्षणभर गप्प होतात, एवढीच माझी कंपनीत ओळख.

इतकी वर्षं हे लिहून माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. कंपनीत नवा आलेला पोरगा जिने काढतो, संडास काढतो, खिडक्या मोजतो. मग तो जरा वर चढतो आणि माणसं सांभाळायला लागतो. आणखी वर गेला की नुसती दिशा देतो, दृष्टी देतो, प्रेरणा देतो. अगदी शेंड्यावरच्यांनी नेमकं काय केलं म्हणून विचारावं, तर त्यांचे सेक्रेटरी मला तीन दिवसांनी कळवतात की साहेबांनी 'संवाद घडवून आणला'. मी मुकाट्यानं लिहिते. पगार त्याचाच मिळतो.

सौमित्र गोवंडे हे त्या शेंड्याच्या अगदी जवळ पोचलेले. मूळचे आमच्याच साताऱ्याचे, आता सिंगापूरला. आखातातल्या एका विमानतळामुळं त्यांचं नाव झालं. त्या विमानतळात शिरताना प्रवाशाला आधी एका बुटक्या, चिंचोळ्या वाटेनं जावं लागतं, जीव अगदी घुसमटतो आणि मग एकदम आभाळाएवढा हॉल समोर येतो. याला सर 'संकोच आणि विस्तार' म्हणतात. मी ते त्यांच्या परिच्छेदात तीनदा लिहिलंय. त्या हॉलमध्ये आल्यावर लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं असं कंपनी सांगते. चिंचोळ्या वाटेत रांग लागून विमान चुकल्यामुळं येत असावं असं माझं मत आहे, पण ते कुणी विचारलेलं नाही.

तर कंपनीच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली आणि सरांना ती हवी होती. हवी म्हणजे किती, तर सव्वीस वर्षं ते तिच्याकडेच चालत आले होते. पण मध्ये एक विचित्र अट होती. तीन आडनावांतले जे एक हयात आहेत, ते मॉर्टिमर साहेब. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, बगलेत कायम एक घडीचं स्टूल. त्यांनी तरुणपणी कंपनीच्या घटनेत घालून ठेवलंय की ज्याला प्रमुख व्हायचंय त्यानं आपल्या मुलखात जावं, आपल्याला लहानपणी पाहिलेल्या एका माणसासाठी स्वतःच्या हातानं काहीतरी बांधावं. मदतनीस नाही, कॉम्प्युटर नाही. फार तर एक गवंडी. मग मॉर्टिमर स्वतः येणार आणि त्या माणसाला एकच प्रश्न विचारणार, तुमचं काम झालं का? तो 'झालं' म्हणाला तर खुर्ची मिळाली. नाही म्हणाला तर दुसरा उमेदवार.

दुसरा उमेदवार तयारच होता. कोपनहेगनच्या क्लाराबाईंनी आपल्या मामासाठी बागेत एक बाक केला होता. मामा त्यावर बसला, 'झालं' म्हणाला आणि झोपला. बाई पास. आता सर नापास झाले की खुर्ची बाईंची.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कंपनीचं माणूस म्हणजे मी एकटी. त्यामुळं फोटो काढणं, भाषांतर करणं आणि सरांना वाट दाखवणं हे सगळं माझ्या गळ्यात आलं. मे महिन्यात सर आले. कराड मागं पडेपर्यंत ते मला कंपनीच्या पुढच्या दहा वर्षांचं धोरण सांगत होते. पेठ नाक्याला गाडी शिराळ्याकडे वळली आणि धोरण मध्येच तुटलं.

"अपूर्वा," ते म्हणाले, "मी एकोणीस वर्षांत पेन्सिल हातात धरलेली नाही."

"मग विमानतळ कुणी काढला, सर?"

"मुलांनी. मी 'अजून जरा अरुंद करा' म्हणालो. स्वतःच्या हातानं अजून जमतं का, हे मॉर्टिमरच्या आधी मलाच बघायचंय. मला भीती वाटते."

एवढा मोठा माणूस, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू पोरगा गणिताच्या पेपराला भूगोल करून आलाय. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी त्यांना डब्यातला कंदी पेढा दिला.

सरांनी निवडलेलं माणूस म्हणजे भामाबाई. सरांचे वडील शिराळ्याला बँकेत होते तेव्हा ही मंडळी मोरणा नदीच्या काठच्या एका वाडीत भाड्यानं राहत, भामाबाईंच्या शेजारी. आता बाई सत्तरीच्या, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला, पोरंबाळं नाहीत. जमीन पुतणे वाट्यानं कसतात. बाईंच्या घरात त्या आणि एक खिलार बैल, एवढीच वस्ती. बैलाचं नाव वकील. ऊठ म्हटलं तरी त्याची हरकत, बस म्हटलं तरी हरकत, म्हणून वकील.

"आलास व्हय सौमित्रा," बाई म्हणाल्या. "लय वाळलास. सिंगापुरात खायाला घालत न्हाईत का?"

सरांनी खुर्ची पुढं ओढली आणि आपल्या मीटिंगच्या आवाजात विचारलं, "काकू, तुमच्या गरजा काय आहेत? स्वप्नं काय आहेत?"

"गोठा पायजे," काकू म्हणाल्या.

"त्यामागची भावना सांगा."

"बैल पावसात भिजतोय, ही भावना."

मग सगळं नीट कळलं. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, वाडीच्या वेशीत पानांचा जाड दोर आडवा बांधतात. त्याला कर म्हणतात. संध्याकाळी पहिला बैल धावत येऊन तो कर तोडतो, मग बाकीचे बैल वेशीतून आत येतात. पहिल्या बैलाचा मान भामाबाईंच्या घराचा. वकिलाला वर्षभर दुसरं काम नाही, हेच एक. पण बेंदूर ऐन पावसाळ्यात. अंगणात सजवावं तर रंग वाहून जातो आणि घराच्या पुढल्या सोप्यात सजवावं तर वकील सोप्यात जे काय करतो ते साफ करायला आठवडा लागतो. शिवाय खालच्या आळीचे लालासाहेब दोन वर्षं टपून बसलेले. बाईमाणसाला एकटीला मान झेपायचा नाही, एकदा जरी बैल वेळेवर आला नाही तर मान आमच्याकडं, असं त्यांनी चावडीवर सगळ्यांदेखत म्हणून ठेवलेलं.

"ते गेल्याव बाकी काय ऱ्हायलं न्हाई माझ्याकडं," काकू म्हणाल्या. "ह्यो मान तेवढा हाय. त्यो जायला नगो."

सर कामाला लागले. पहिला आठवडा त्यांच्या हातून सरळ रेघ निघेना. कागद चुरगाळून फेकायचे आणि वकील ते खायचा. दुसऱ्या आठवड्यात सर वकिलाशेजारी बसून त्याच्या पाठीवर ऊन कसं पडतं ते बघायला लागले. वकिलानं हरकत घेतली. तिसऱ्या आठवड्यात मी गेले तर सर अंगणात पालथे पडून, जीभ जरा बाहेर काढून, काढत होते. मान वर करून त्यांनी मला बघितलं आणि हसले. त्यांच्या वेबसाइटवरच्या बारा फोटोंत तसं हसू एकातही नाही.

"आलंय गं!" ते म्हणाले. "अपूर्वा, आलंय!"

काय आलं होतं ते मी बघितलं आणि मला शंका यायला हवी होती, पण मी विमानतळावर इतके परिच्छेद लिहिलेले, मला ते बरोबरच वाटलं. गोठा आतून प्रशस्त, उंच, वरून उजेड येणारा. आणि आत शिरायचं दार चिंचोळं. बैलानं आधी संकोच अनुभवायचा, मग विस्तार. शिंगांचं माप घेऊन दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडलेली. माप सरांनी स्वतः घेतलं, त्यात वकिलानं त्यांना दोनदा लोळवलं, तरी घेतलं.

गवंडी धनाजी. चांगला माणूस, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट.

"साहेब, दारावर शिव्ह बसवू," तो म्हणाला. "दोन. जबडा उघडलेलं."

"धनाजी, या भिंतीचं सौंदर्य तिच्या मौनात आहे."

"आसू द्या की मौनात. शिव्ह कुठं बोलतोय?"

चार दिवस वाटाघाटी झाल्या. जगातल्या बड्या बड्या बिल्डरांना नमवलेले सर शेवटी एका सिंहावर आले, तोही बसलेला आणि तोंड मिटलेला. धनाजीनं तो सिमेंटचा केला, पिवळा रंगवला आणि वर हळूच मिशाही काढल्या.

गोठा वेळेत उभा राहिला. वकील पहिल्यांदा आत गेला तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. दारात तो जरा थबकला, मान खाली घातली, आत गेला आणि आतल्या मोकळ्या जागेत उभा राहून त्यानं एक लांब श्वास सोडला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंस? त्याला कळलं," ते म्हणाले. मला वाटतं वकिलाला कडबा दिसला होता.

बेंदराच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. मॉर्टिमर साहेब महाबळेश्वरहून आले. तिथं तीन दिवस हॉटेलच्या खिडकीतून धुक्याखेरीज काही दिसलं नाही म्हणून ते फार खूष होते. अंगणात ताडपत्रीखाली त्यांनी आपलं स्टूल उघडलं, काकूंनी दिलेल्या पुरणपोळीची सुरळी हातात घेतली आणि ते गोठ्याकडं बघत बसले.  सर त्यांच्याभोवती फिरत होते, मध्येच भिंतीवरून हात फिरवत होते.

आत काकू वकिलाला सजवत होत्या. सगळा दिवस त्यात गेला. अंगावर झूल, शिंगांना रंग, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या, त्यांना लोंबते गोंडे. आणि शेवटी बाशिंग. ते काकूंच्या नवऱ्यानं स्वतः केलेलं होतं, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर बेगड आणि आरसे, दोन्ही शिंगांच्या बाहेर हातहातभर पसरलेलं. पंख्यासारखं दिसायचं. काकूंनी ते आधी आपल्या कपाळाला लावलं, मग बैलाला बांधलं. कोरडा बैल, कोरडा रंग, कोरडं बाशिंग. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सौमित्रा, लेकरा, लय ग्वाड काम केलंस."

मॉर्टिमरनी माझ्याकडं बघितलं. मी भाषांतर केलं. सरांनी माझ्याकडं बघून अंगठा वर केला. खुर्ची जवळजवळ बुडाखाली आली होती.

वेशीकडं हलगी वाजायला लागली. काकूंनी कासरा धरला, "चल बाबा" म्हटलं आणि वकील दारापर्यंत आला. तिथं बाशिंगाची दोन टोकं दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागली आणि वकील थांबला.

 सरांनी जगातलं सगळं मोजलं होतं. बैलाची उंची, लांबी, ऊन, वारा, शिंगं. मोजला होता तो रोजचा बैल. सणाचा बैल कुणी मोजलाच नव्हता.

"मलाबी कुठं सुचलं," काकू पुटपुटल्या.

"काढा ना बाशिंग," मी म्हणाले. "बाहेर येऊन परत बांधू."

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी बोहल्यावरच्या नवऱ्याला घरी जायला सांगितलंय. "एकदा बांधल्यालं बाशिंग कर तुटल्याबिगार सोडत न्हाईत. ह्या घरात कवा झालं न्हाई. ह्येंच्या हातचं हाय ते."

मग जे सुरू झालं त्याचे फोटो माझ्याकडं आहेत आणि कंपनीनं ते छापायला मनाई केली आहे. सरांनी वकिलाला तिरका काढायचा प्रयत्न केला. टोक भिंतीला लागलं. मग उलटा काढायचा प्रयत्न केला, म्हणजे आधी शेपूट. सगळं बाहेर आलं, डोकं आत राहिलं. वकील डोकं गोठ्यात आणि बाकी सगळा पावसात, असा उभा राहिला आणि त्यानं संकोच चांगलाच अनुभवला. परत आत ढकलला. धनाजी म्हणाला, पत्रा काढून वरनं उचलू, कारखान्याची क्रेन आणू. सर म्हणाले, हे आपण दुसऱ्या टप्प्यात धरू. काकू म्हणाल्या, कसला टप्पा रं, हलगी थांबाय आली. मॉर्टिमर पोळी खात होते.

तेवढ्यात लालासाहेब छत्री घेऊन फाटकात आले. त्यांच्या मागं त्यांचा बैल, पावसात रंग वाहून निळा-गुलाबी झालेला.

"काय भामावैनी, न्हाई निगत व्हय?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. आमी तोडतू कर. तुमाला काय, यंदा इसावा."

काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या गोठ्याच्या भिंतीला टेकल्या आणि पदर तोंडाला लावला. इतका वेळ मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. त्या क्षणी वाटेनासं झालं.

सरांनी त्यांच्याकडं बघितलं. मग भिंतीकडं. एकोणीस वर्षांत स्वतःच्या हातानं काढलेली तेवढी एकच भिंत होती. मग त्यांनी मॉर्टिमरकडं बघितलं, ते आता चहा पीत होते. सर ओसरीकडं गेले, धनाजीचा घण उचलला आणि काळा शर्ट, देशोदेशी फिरलेले ते बूट, तसेच चिखलातून येऊन दाराच्या उजव्या बाजूला त्यांनी पहिला घाव घातला. भिंतीला काही झालं नाही. सर मात्र दोन पावलं मागं गेले.

"साहेब, शिव्ह!" धनाजी ओरडला. "शिव्ह तेवढा वाचवा!"

"धनाजी, सिंह गेला!" सर ओरडले आणि दुसरा घाव घातला.

सिंह खरोखरच गेला. चौथ्या-पाचव्या घावाला तो मिशांसकट खाली आला आणि धनाजीनं त्याचं डोकं उचलून छातीशी धरलं. मग त्यालाही अवसान आलं, त्यानं पहार घेतली. मी कॅमेरा टाकून विटा ओढायला लागले. लालासाहेब छत्रीखाली उभे राहून "आरं, आरं" करत होते. भिंतीचं अर्धं अंग खाली आलं आणि त्या भगदाडातून वकील बाहेर आला, झूल, गोंडे, आरसे, अख्खं बाशिंग घेऊन, जराही न वाकता. काकूंनी कासरा सोडला. वकिलानं आयुष्यात पहिल्यांदा कशालाही हरकत घेतली नाही. लालासाहेबांना वळसा घालून तो जो सुटला तो थेट वेशीपर्यंत, मागं काकू, त्यांच्या मागं सर, आणि आम्ही पोचेपर्यंत कर तुटून चिखलात पडलेला होता. काकू वकिलाच्या गळ्यात पडून रडत होत्या. सर धुळीनं आणि पावसानं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते, आणि तेही रडत होते, आणि त्यांना ते लपवायचं सुचत नव्हतं.

परत आलो तेव्हा मॉर्टिमर स्टुलावरून उठून उभे होते. त्यांनी मला खूण केली. मी काकूंना विचारलं, "काकू, साहेब विचारतात, तुमचं काम झालं का?"

मी त्यांना डोळ्यांनी खुणावतही होते. 'झालं' म्हणा, एवढंच म्हणा.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि गोठ्याकडं नीट बघितलं. भगदाडातून पाऊस सरळ आत जात होता. कोंबड्या विटांच्या ढिगावर चढल्या होत्या.

"ह्याला झालं म्हंत्यात?" त्या म्हणाल्या. "आवं, निम्मं भिताड पडलंय. खोटं कशाला बोलू? न्हाई झालं."

मी भाषांतर केलं. सरांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "काकू, मी उद्या येतो. राडारोडा उचलतो आधी."

मॉर्टिमरनी स्टुलाची घडी केली. मग म्हणाले की नियमात काम पुरं झाल्यावर विचारायचं आहे, तारीख नियमात नाही. काम झालं की कळवा. आणि पोळी आणखी एक मिळेल का.

याला आता वर्ष होत आलं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, पंधरा दिवसांत भिंत उभी राहील. राहिलीही. दार आता एवढं रुंद आहे की वकील बाशिंग लावून आडवासुद्धा निघेल. पण मॉर्टिमरनी फोन केला तेव्हा काकूंना आठवलं की पाण्याचा हौद राहिलाय. हौद झाला. मग कडबा रचायला माळा. मग कोंबड्यांचं खुराडं. मग वकिलाला रस्त्यावरचं दिसत नाही म्हणून खिडकी. दर वेळी कोपनहेगनहून मला मेल येतो, 'त्या झालं म्हणाल्या का?' मी लिहिते, नाही. कंपनी क्लाराबाई तात्पुरती चालवतात, आणि खरं सांगायचं तर इमारती पूर्वीसारख्याच उभ्या राहतायत.

खिडकी झाली त्या दिवशी मी काकूंना बाजूला घेऊन चिडूनच विचारलं, "काकू, तुम्ही हे मुद्दाम करताय ना? त्यांची खुर्ची अडकलीय."

"व्हय, मुद्दाम करतीया," काकू म्हणाल्या. "झालं म्हटलं की ह्यो जाणार. घरात कुणाचा आवाज न्हाई गं. त्यो सकाळी पेन्सिल तासतोय ना, तेवढा बी पुरतोय मला."

 सर सोप्यात राहतात. सिंगापूरच्या घरी त्यांची वाट बघणारी एक कुंडी होती, ती शेजाऱ्यांनी नेली. सकाळी वकील त्यांचे कागद खातो आणि ते परत काढतात. रेघ आता सरळ निघते.

परवा पुन्हा बेंदूर झाला. मॉर्टिमर आले, स्टूल बगलेत. वकील सजला, दारातून रुबाबात बाहेर आला, त्यानं कर तोडला. लालासाहेबांनी स्वतः गुलाल लावला. मग आम्ही सगळे गोठ्यापाशी उभे राहिलो आणि मी काकूंना तोच प्रश्न विचारला.

काकू आत गेल्या. हौद बघितला. माळ्याच्या खालून वाकून बघितलं. खिडकी उघडून लावली, परत उघडली. भिंतीवरून हात फिरवला, धनाजीच्या नव्या सिंहाकडं बराच वेळ बघितलं, त्यालाही मिशा होत्या. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्या खोट काढायचा जिवापाड प्रयत्न करत होत्या आणि त्यांना एकही सापडत नव्हती, आणि काकू खोटं बोलत नाहीत. त्या हळूहळू बाहेर आल्या. तोंड उघडलं.

"काकू," सर म्हणाले, "दिव्याचा कोनाडा राहिलाय."

काकूंनी सरांकडं बघितलं. सर भिंतीकडं बघत होते, कानामागची पेन्सिल काढत होते.

"व्हय की," काकू म्हणाल्या. "कोनाडा ऱ्हायलाच. न्हाई झालं."

मी भाषांतर केलं. मॉर्टिमरनी एकदा सरांकडं बघितलं, एकदा काकूंकडं. मग स्टूल उघडून ते भिंतीसमोर बसले आणि मला म्हणाले, कोनाडा कुठं काढणार आहेत ते जरा विचार.